दोरीचं दुसरं टोक

९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. बूट मिळाले. डावा जरा सैल आहे, पण जाड मोजा घातला की चालेल. आभार मानायला हे पत्र नाही. खोक्यात तू जी चिठ्ठी टाकलीस, ती शेजारच्या काकूंकडून वाचून घेतली. तिच्यात लिहिलंयस, 'शर्यतीच्या दिवशी येतो, शेवटच्या टोकाला उभा राहतो.' त्यासाठी लिहितेय. येऊ नकोस.

जन्मापासून मला ओळखतोस, तरी आंधळ्या बहिणीला कागदावर चिठ्ठी. फोन मी उचलत नाही, म्हणून हा मार्ग काढलास, एवढं मला कळतं. काकू वाचताना दोनदा अडल्या आणि शेवटी म्हणाल्या, "भावाचं अक्षर काय गं हे." मग बूट चाचपून, "पण बूट भारीतले आहेत हो." त्यांच्या मते मी माजले आहे. असेनही.

फोनवर बोलायला लागले की मी ओरडेन, म्हणून टाइप करतेय. संगणकातली बाई प्रत्येक ओळ वाचून दाखवते. मी कितीही चिडून लिहिलं तरी ती हवामानाच्या बातम्या दिल्यासारखंच वाचते, त्यामुळे मलाही जरा आवरायला होतं.

यंदा मी नव्या बाईंबरोबर पळतेय. ती बेकरीत भट्टीवर काम करते. पहाटेपासून दुपारपर्यंत तिकडे, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर मैदानावर. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला ताई म्हणते, मनात मास्तरीण. दोरीचं एक टोक तिच्या हाताला, एक माझ्या. तुझ्यामाझ्यात असायची तेवढीच लांबी, वीतभर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला गोड बोलता येत नाही. खड्डा असेल तर खड्डा म्हणेन, दहा किलोमीटर राहिले असतील तर दहा म्हणेन. चालेल?" मला ते इतकं चाललं की मी तिथेच हो म्हणून टाकलं.

तर येऊ नकोस. ह्या वेळी मला बेचाळीसच्या बेचाळीस किलोमीटर खऱ्या आकड्यावर पळायचे आहेत, तेही वेळेच्या आत. तू शेवटी उभा आहेस हे माहीत असलं, तर मी तुला दाखवायला पळेन, आणि मला तसं नको आहे.

बाकी ठीक. दमायला होतं.

तुझी धाकटी


२५ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. ह्या वेळी टाइप केलंस, शहाणा झालास. येत नाही म्हणालास, बरं झालं. पहिला अर्धा भाग कंटाळा येईल इतका सावकाश पळ, असंही लिहिलंयस. मास्तरीणही तेच म्हणते, फक्त तिच्या भाषेत. परवा मी जरा जोर धरला तर म्हणाली, "कुठे आग लागलीय?" मी म्हटलं, पाय हलके वाटतायत. ती म्हणाली, "सुरुवातीला सगळ्यांचेच हलके असतात. तिसाव्या किलोमीटरला कसे आहेत ते सांग मला."

सावकाश पळायला फार जड जातं रे. मागून येणारे सगळे पुढे जातात, त्यांच्या बुटांचे आवाज लांब जातात, आणि आपण मागे राहिलो असं वाटत राहतं. आपल्याकडे ताकद असताना ती वापरायची नाही, हे पायांना पटत नाही. शेवटी शेवटी मात्र पटतं, आणि तेव्हा ताकद नसते. सध्या माझं सगळं आयुष्यच त्या शेवटच्या भागात असल्यासारखं झालंय. सकाळी उठते तीच थकलेली. कामावर बसून दमते, पळून दमते, आणि झोपून उठल्यावर पुन्हा दमलेली असते.

कामाचं विचारलंस म्हणून सांगते. मी अजून पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षातच आहे. नळ कोरडा पडला की लोक मला फोन करतात, आणि प्रश्न एकच, कधी येणार. साहेबांचा नियम आहे की विचारणाऱ्याला 'दोन तासांत येईल' असं सांगायचं. पाइप फुटलेला असो, पंप जळलेला असो, दोन तास. लोकांना धीर द्यायचा म्हणे. मी नाही देत. उद्या संध्याकाळच्या आत येणार नाही असं माहीत असलं तर तेच सांगते. गेल्या आठवड्यात एका आजोबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग मी पडतो जरा." मला इतकं बरं वाटलं. मग दुपारी एक बाई फोनवर रडली. "नसतं सांगितलंत तर काय बिघडलं असतं? दोन तास, दोन तास करत दिवस तरी काढला असता," म्हणाली. घरात तापाने फणफणलेलं मूल होतं.

साहेबांनी बोलावून समज दिली. मी ऐकून घेतलं. भांडायला अंगात जोर नव्हता.

नव्याने घरात आलेल्या वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

धाकटी


१४ ऑक्टोबर

दादा,

तू लिहितोस की झालं गेलं विसरून जाऊ. मी विसरले असते तर बूट परत पाठवायचा विचार तरी कशाला केला असता? हो, केला होता. दोन दिवस खोकं दाराशी पडून होतं.

एकदाचं नीट लिहून टाकते, म्हणजे तू पुन्हा 'झालं गेलं' म्हणणार नाहीस.

आपल्या त्या शर्यतीत तू मला म्हणालास, "दोनच राहिले, ताण आता." मी ताणलं. अंगात होतं नव्हतं ते सगळं काढलं. बराच वेळ पळूनही गर्दीचा आवाज येईना, तेव्हा मी विचारलं, तर म्हणालास, "एकच." आणि मग पाणी देणाऱ्या टेबलावरच्या मुलीने माझ्या हातात पेला ठेवला आणि केवढ्या कौतुकाने म्हणाली, "शाब्बास, आता फक्त पाच!" मी तिथेच दोरीतून हात काढला आणि पदपथावर बसले. तू म्हणालास, "तुझ्याच भल्यासाठी." मी म्हटलं, "आईच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

त्या भांडणाची सगळ्यात वाईट गोष्ट माहीत आहे तुला? इतर माणसं भांडली की पाय आपटत निघून जातात. मला तुझ्याच कोपराला धरून बसपर्यंत यावं लागलं, तुझ्याच शेजारी बसून घरी यावं लागलं, आणि दाराची किल्लीही तुझ्याकडेच होती. पुढच्या महिन्यात तू लांबची नोकरी धरलीस. मी अडवलं नाही.

आईचं सांगते. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. तू मला म्हणालास, सुधारतेय, थोडा अशक्तपणा आहे. मी रोज कामावर जात राहिले. ती गेली त्या दिवशीही मी लोकांच्या नळांच्या तक्रारी घेत होते, आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीशी हसत होते. मी हसत होते, दादा. तू मला ते शेवटचे दिवस दिले नाहीस. सुट्टी काढून मी तिच्याजवळ बसले असते, तिचे हात धरले असते. मला माणसं हातांनीच तर दिसतात.

म्हणून मला खरा आकडा हवा असतो. कितीही मोठा असला तरी.

मास्तरीण देते. रविवारी आम्ही तीस किलोमीटर पळालो. बाविसाव्यानंतर मला रडू यायला लागलं, उगीच, नुसतं दमून. ती म्हणाली, "आठ राहिलेत. रडत पळालीस तरी आठच." मी रडत पळाले आणि ते आठ संपले.

धाकटी


६ नोव्हेंबर

दादा,

रविवारी शर्यत. सहा तासांच्या आत पोचायचं, नाहीतर पदक नाही आणि यादीत नावही नाही. मास्तरिणीने चाल बसवून दिलीय. वीस मिनिटं हाताशी शिल्लक राहतील म्हणते.

आठवडाभर तिचा आवाज जरा बसलेला वाटतो. विचारलं तर म्हणाली, भट्टीजवळ घसा कोरडा पडतो. तिच्या जोडीला काम करणारी बाई आजारी आहे, पण शनिवारी सुट्टी घेतलीय, झोप काढून येईन, असं म्हणाली. शर्यतीत एका धावणाऱ्याबरोबर एकच सोबती, बदली मिळत नाही. ती थांबली की माझी शर्यतही तिथेच संपते. हे तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "माझ्यामुळे तुझं काही अडणार नाही. तेवढं माझ्यावर."

तू पत्रात काहीच बोलला नाहीस आईबद्दल. बरं, राहू दे. मलाही आत्ता नको आहे.

पाय ठीक आहेत. झोप येत नाही, पण ती कुणालाच येत नाही म्हणतात.

धाकटी


१० नोव्हेंबर

दादा,

झाली शर्यत. नाही जमलं वेळेत. जिवंत आहे, काळजी करू नकोस. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता बोटंसुद्धा दुखतायत.


१९ नोव्हेंबर

दादा,

तू लिहिलंस, वाईट वाटून घेऊ नकोस, पोटरीत गोळा येणं कुणाच्या हातात नसतं. हे तुला काकूंकडून कळलेलं दिसतंय. तुमचं दोघांचं फोनवर चालतं, हे मला आताच समजलं. असो.

गोळा आला नव्हता.

पहिल्यापासून सांगते. सुरुवातीच्या रेषेवर मास्तरीण माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिच्या केसांना भाजलेल्या पिठाचा वास होता. ताजा, गरम. म्हणजे सुट्टी घेतलीच नव्हती. रात्रभर भट्टीवर उभी राहून थेट तिथे आली होती. मी म्हणणार होते, ताई, हे काय. पण तेवढ्यात तिने दोरी माझ्या हातात अडकवली आणि म्हणाली, "चल, सावकाश सुरू करायचं." मी पहिलं पाऊल टाकलं. मला पळायचं होतं ना.

अर्धी शर्यत मस्त गेली. अगदी कंटाळा येईल इतकी, तू म्हणतोस तशी. ती आकडे सांगत होती, वळणं सांगत होती, "डावीकडे उतार, बारीक खडी" असं सगळं. एका काकांनी आमच्यामागे पळत बराच वेळ त्यांच्या गुडघ्याचा इतिहास ऐकवला, शेवटी मास्तरीण म्हणाली, "अहो, श्वास वाचवा, गुडघ्याचं नंतर." मी हसले. अठ्ठावीसपर्यंत आम्ही ठरल्या वेळेत होतो, आणि मला खरंच वाटलं की होणार.

मग दोरी बदलली. तू दोरीच्या त्या बाजूला होतास, तुला ही बाजू कशी कळते ते माहीत नसेल. समोरच्याचा हात ताज्या दमाचा असला की दोरी एका लयीत मागेपुढे होते, आपल्याला विचारही करावा लागत नाही. दमायला लागला की हात आखूड हलतो. मग दोरी मधेच सैल पडते, मधेच हिसका देते. तिचं पाऊल आधी टाचेवर पडत होतं, ते सपाट पडायला लागलं. एक गतिरोधक तिने सांगितलाच नाही, मी अडखळले. विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना?" म्हणाली, "मला काय धाड भरलीय? पळ."

थोड्या वेळाने म्हणाली, "नऊ राहिले." मी म्हटलं, बरं. पुष्कळ अंतर गेलं. एक पूल चढून उतरलो. आणि ती पुन्हा म्हणाली, "नऊ राहिले."

दादा, ती खोटं बोलत नव्हती. तिला कळतच नव्हतं. जी बाई आयुष्यात आकड्याला चुकली नाही, तिच्या डोक्यातून आकडा गळून पडला होता. माझ्या अंगात अजून बळ होतं. पाय दुखत होते, पण ते पळणार होते, मला माझे पाय माहीत आहेत. आणि तिचा श्वास असा येत होता की पुढच्या वळणावर ती पडली असती. स्वतःहून ती थांबलीच नसती. मी 'तुम्ही दमलात, थांबू या' म्हटलं असतं तर आणखी जोरात पळाली असती, शब्द दिला होता ना तिने. आणि पडली असती किंवा थांबली असती, तर जन्मभर म्हणाली असती, माझ्यामुळे पोरीची शर्यत गेली.

मी म्हटलं, "ताई, माझ्या पोटरीत गोळा आलाय. चालावं लागेल."

ती लगेच थांबली. "फार आहे?"

"फार."

"चाललो तर वेळेत होणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

उरलेलं सगळं आम्ही चालत गेलो. चालायला लागल्यावर थोड्या वेळाने तिचा श्वास जागेवर आला आणि ती पुन्हा आकडे सांगायला लागली, बरोबर आकडे. मी लंगडत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की मी पाय बदललाय, डाव्याऐवजी उजव्याने लंगडतेय. ती इतकी थकली होती की तिला ते दिसलंच नाही. मला हसू आलं. मागच्यांच्या बुटांचे आवाज जवळ येत होते आणि पुढे निघून जात होते, गुडघेवाले काकासुद्धा गेले. माझे पाय आतून ओरडत होते की आम्ही पळू शकतो, आणि मी त्यांना गप्प करत होते. मला वाटायचं, खोटं बोलायला एक वाक्य लागतं, ते टाकलं की सुटलो. तसं नसतं. ते पावलापावलाला सांभाळावं लागतं. पळण्याने मी इतकी कधी दमले नव्हते.

पोचलो तेव्हा लोखंडी नळ्या ट्रकमध्ये टाकल्याचे आवाज येत होते. मास्तरिणीने सांगितलं, "कमान उतरवतायत. एक खांब उभा आहे अजून." आम्ही त्या एका खांबाशेजारून पलीकडे गेलो. टाळ्या नव्हत्या. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी पोटरी नसती तर आज नक्की वेळेत आलो असतो. मी मोजलं होतं सगळं."

मी म्हटलं, "हो ना. चुकलंच माझं."

आता ती दर दोन दिवसांनी तेल घेऊन घरी येते. भट्टीवरून सुटली की थेट इकडे. माझी धडधाकट पोटरी मांडीवर घेते आणि अर्धा तास चोळते, आणि वर बोलणी खाते मी, पाणी कमी पितेस, ताण नीट देत नाहीस. मी ऐकून घेते. काल म्हणाली, पुढच्या वर्षी हा पाय मी पक्का करून देते बघ. तिचे हात भाजलेले आहेत, जागोजागी चट्टे लागतात. मी तिला कधीच सांगू शकणार नाही.

काकूंना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर होईल. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणेल, किती मोठं मन तुझं. मन मोठं नाहीये, दादा. मला ते पदक हवं होतं. अजून हवं आहे. कधी कधी तिचाच राग येतो, तिने झोप का काढली नाही म्हणून. हे सगळं मी कुणाला सांगू? शोधलं, आणि एकच माणूस सापडला.

तू मला आईचं सांगायला हवं होतंस. हे मी आजही म्हणते आणि मरेपर्यंत म्हणेन. त्यात बदल नाही. मास्तरिणीची एक शर्यत होती, माझी आई होती. दोन्ही एका मापाचं नाही, आणि मी ते एका मापाचं करणारही नाही.

पण गेले नऊ दिवस मी एकच गोष्ट आठवतेय. त्या वेळी मी रोज संध्याकाळी घरी यायचे आणि दारातूनच विचारायचे, आज कशी आहे. तू म्हणायचास, बरी आहे, दोन घास जेवली. मग माझं ताट वाढायचास. भाजी कुठे, आमटी कुठे, ते सांगायचास. मी दिवसभराच्या तक्रारी सांगायचे, नळवाल्या लोकांची नक्कल करायचे, आणि तू हसायचास. तुझं हसणं मी ओळखते असं मला वाटत होतं. मला ते कधीच वेगळं ऐकू आलं नाही. किती सांभाळलं असशील तू ते, मी ताटावरून उठेपर्यंत. आणि मी उठून झोपायला गेले की तू आईच्या खोलीत जायचास.

मी सातेक किलोमीटर चालले आणि मोडले. तू कितीतरी दिवस चाललास.

आज फोन कर. उचलेन. ओरडणार नाही. मला शर्यतीबद्दल काही बोलायचं नाहीये, फक्त एक विचारायचंय आणि खरं ते ऐकायचंय. त्या दिवसांत तू कुणाला सांगितलं होतंस रे? तुझ्याबरोबर कुणी होतं का?

धाकटी